पुसण्याआधी गाल दाबून बघा

जुन्या बाहुलीचा कारखान्यातला मेकअप पुसून तिला नवा चेहरा द्यायचा नाद लागला की पहिल्या आठवड्यातच घरात ॲसिटोनची, म्हणजे नेलपेंट उतरवणाऱ्या द्रवाची, बाटली येते. पहिला घोळही तीच घालते. कारण बाहुल्यांचे चेहरे मुख्यतः दोन जातींचे: मऊ व्हिनिलचे आणि एबीएस नावाच्या कडक प्लास्टिकचे. रंगवलेले असले की फरक डोळ्यांना कळत नाही.

बोटांना कळतो. बार्बीचा गाल दाबला तर आत जातो, सोडला की वर येतो. हे व्हिनिल. ब्लाइथचा गाल हलत नाही, नखाने वाजवलात तर टकटक करतो. ब्लाइथ म्हणजे ती मोठ्या डोक्याची, मागची दोरी ओढली की डोळ्यांचे चार रंग पाळीपाळीने दाखवणारी. अमेरिकेत केनर कंपनीने १९७२ मध्ये काढली, वर्षभरात बंद केली. २००१ मध्ये जपानच्या टाकाराने पुन्हा आणली.

व्हिनिलला ॲसिटोन चालतं. कापसाचा बोळा फिरवला की भुवया, ओठ उतरतात. मात्र डोकं त्यात भिजत ठेवायचं नाही, नाहीतर व्हिनिलला मऊ ठेवणारं द्रव्य निघून जातं आणि ते ताठरतं. तेच ॲसिटोन एबीएसला लावलंत तर रंगाबरोबर गालही विरघळतो. ‘ॲसिटोनविरहित’ नेलपेंट रिमूव्हरवरही विसंबू नका. त्यात बहुतेकदा एथिल ॲसिटेट असतं, आणि तेही एबीएसला खातं.

मग कडक चेहऱ्याचं काय? घासायचा. पाण्यात भिजवलेला पॉलिश पेपर, आधी खरखरीत, मग बारीक. हात भरून येतात, पण खरी मजा इथेच आहे, कारण एबीएस कोरता येतं. ओठांची फट खोल करा, नाकाचा शेंडा उचला, तीच बाहुली रुसलेली दिसू लागते. व्हिनिल कोरायला गेलात तर ते रबरासारखं ओढलं जातं आणि कडेला लव उठते. त्याचा गुण वेगळा: गरम पाण्यात बुडवलं की सैल होतं, डोकं मानेवरून अलगद निघतं, आणि सुईने नवे केस ओवता येतात.

पुढचं रंगकाम दोन्हीकडे जवळजवळ सारखंच. मॅट स्प्रेचा थर, त्यावर सॉफ्ट पेस्टल नावाच्या रंगीत खडूंची पूड, पुन्हा स्प्रे. दमट हवेत हा स्प्रे पांढरट पडतो, त्यामुळे पावसाळ्यात आमच्याकडे फक्त केस ओवायचं काम चालतं.

गोम अशी की एकाच बाहुलीत दोन्ही जाती नांदतात. ब्लाइथचा चेहरा कडक, पण केस ओवलेली टाळू मऊ. बार्बीचं डोकं मऊ, धड कडक. माझ्या पहिल्या बार्बीचे ओठ मी अगदी स्वच्छ पुसले आणि बोळ्यातला एक थेंब खांद्यावर ओघळला. आता डोकं काढल्याशिवाय बाटलीचं झाकण उघडत नाही. त्या बार्बीला बंद गळ्याचा ब्लाउज शिवलाय.