वैयक्तिक अर्थशिक्षणासाठी शिक्षक-प्रशिक्षण

वैयक्तिक अर्थशिक्षणासाठी शिक्षक-प्रशिक्षण : जमाखर्च, बचत, कर्ज, विमा, कर, गुंतवणूक आणि पैशांच्या व्यवहारातली फसवणूक हे विषय वर्गात शिकवता यावेत म्हणून शाळेतल्या शिक्षकांना दिले जाणारे प्रशिक्षण. गणिताच्या शिक्षकाला व्याजाचे सूत्र तोंडपाठ असते. पण स्वतःच्या पगारपत्रकातली प्रत्येक कपात कशाची, पतसंस्थेच्या कर्जाचा खरा दर किती, हे दुसऱ्याला उकलून सांगण्याची वेळ त्याच्यावर क्वचितच आलेली असते. त्यामुळे या प्रशिक्षणाचे काम दुहेरी आहे: आधी शिक्षकाचा स्वतःचा व्यवहार, मग वर्गातला पाठ. पहिला भाग गाळून थेट दुसऱ्याला हात घातला, तर हाती हजेरीपट आणि चहा-बिस्किटांचे बिल एवढेच उरते.

महाराष्ट्रातल्या शाळांना ही कल्पना अगदीच नवी नाही. राष्ट्रीय बचत संघटनेच्या पुढाकाराने शाळाशाळांत ‘संचयिका’, म्हणजे मुलांची छोटी बचत बँक, चालत असे. मुले चार आणे, आठ आणे, रुपया आणत. नोंदी ठेवायला वर्गातलीच मुले नेमलेली असत, पासबुकावर आकडा चढे आणि जमलेली रक्कम गुरुजी टपाल कार्यालयात किंवा बँकेत भरून येत. 15 सप्टेंबर हा संचयिका दिन. संध्याकाळी नोंदींची वही आणि पैशांचा डबा यांचा मेळ बसला नाही, की गुरुजींना पदरचे आठ आणे घालून तो बसवावा लागे. शिक्षकाचे अर्थशिक्षण व्हायचे ते असे, वहीच्या समासात. कर्ज, विमा, कर हे विषय त्या डब्याच्या बाहेरच राहिले.

ते पुस्तकात आले बऱ्याच उशिरा. बालभारतीच्या गणिताच्या पुस्तकांत सहावी-सातवीला बँक व सरळव्याज, आठवीला सूट-कमिशन आणि चक्रवाढ व्याज असा क्रम आहे. 2017 च्या नववीच्या आणि 2018 च्या दहावीच्या गणित भाग 1 मध्ये मात्र ‘अर्थनियोजन’ नावाचे स्वतंत्र प्रकरणच आहे: नववीला आयकर, दहावीला जीएसटी, शेअर्स, म्युच्युअल फंड आणि एसआयपी (फंडात ठरावीक काळाने ठरावीक रक्कम गुंतवण्याची रीत). ज्या शिक्षकाने आयुष्यात एकही शेअर घेतला नाही, त्याला एकाएकी दर्शनी किंमत (शेअरवर नोंदलेली मूळ किंमत), बाजारभाव, दलाली आणि निव्वळ मालमत्ता मूल्य (फंडाच्या एका युनिटची किंमत) शिकवायची वेळ आली. पुस्तकबदलाच्या प्रशिक्षणांत उदाहरणे सोडवून दाखवली जातात, आणि परीक्षेपुरते ते पुरतेही. विद्यार्थ्यांना हे प्रकरण हमखास गुण देणारे वाटते, हाच त्याचा गुण आणि हाच दोष.

या प्रकरणाची दुसरी अडचण म्हणजे ते नासते. पायथागोरसचा सिद्धांत अर्थसंकल्पाने बदलत नाही. कराचे कोष्टक बदलते. नववीच्या पुस्तकातले कोष्टक अडीच लाखांपर्यंत कर नाही असे सांगते, तर नव्या करप्रणालीत एप्रिल 2025 पासून ही मर्यादा 4 लाख आहे आणि सवलतीमुळे 12 लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर कर लागत नाही. जीएसटीचे 12 आणि 28 टक्क्यांचे टप्पे 22 सप्टेंबर 2025 पासून बहुतेक वस्तूंवरून उठले. एअर कंडिशनर 28 वरून 18 वर आला. शिक्षकाने फळ्यावर कुठला दर लिहायचा, पुस्तकातला की दुकानातल्या पावतीवरचा? चांगला तज्ज्ञ मार्गदर्शक इथे दोन्ही लिहायला सांगतो: रीत पुस्तकातून घ्या, आकडे यंदाच्या पावतीतून. मुलांना घरून किराण्याची किंवा मोबाइल रिचार्जची पावती आणायला लावली, की जीएसटीतला केंद्राचा वाटा (सीजीएसटी) आणि राज्याचा वाटा (एसजीएसटी) निम्मे-निम्मे कसे दिसतात हे वेगळे शिकवावे लागत नाही.

देशपातळीवर या प्रशिक्षणाला धोरणाचा आधार मिळाला तो 2013 च्या राष्ट्रीय आर्थिक शिक्षण धोरणात आणि पुढे 2020–2025 च्या धोरणात. दुसऱ्या धोरणात आशय, समाज, संवाद आणि सहकार्य यांच्या जोडीला क्षमतावर्धन, म्हणजे शिकवणाऱ्यांची तयारी, हा स्वतंत्र खांब धरला आहे. अंमलबजावणी राष्ट्रीय आर्थिक शिक्षण केंद्राकडे. रिझर्व्ह बँक, शेअरबाजाराची नियामक सेबी, विमा नियामक आणि निवृत्तिवेतन नियामक अशा चौघांनी मिळून चालवलेली ही संस्था. शिक्षकांसाठी तिचा मोफत प्रशिक्षण कार्यक्रम आहे आणि तो पूर्ण करणाऱ्याला ‘मनी स्मार्ट टीचर’ म्हणून प्रमाणपत्र मिळते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाबरोबर तिने सहावी ते दहावीसाठी कार्यपुस्तिकाही काढल्या. या सगळ्याचा एक कडक दंडक म्हणजे निःपक्षपातीपणा: वर्गात कोणत्याही कंपनीचे, फंडाचे वा पॉलिसीचे नाव घेऊन शिफारस करायची नाही. हा नियम कागदी वाटतो, पण गावात विम्याची किंवा अल्पबचतीची एजन्सी गुरुजींच्या घरच्यांच्या नावाने असणे नवलाचे नाही. तिथे तो फार कामाचा ठरतो.

प्रशिक्षणाच्या खोलीत काय घडते ते एका जुन्या प्रश्नावरून कळते. ‘गावात दोन टक्क्यांनी पैसे मिळतात, बँकेत बारा टक्क्यांनी. स्वस्त कोण?’ हसत हसत का होईना, काही हात ‘गावात’ म्हणून वर जातात. गावातले दोन टक्के म्हणजे शेकडा दोन, दर महिन्याला. 50,000 रुपयांवर महिन्याला 1,000, वर्षाला 12,000. बँकेत त्याच रकमेवर वर्षाचे 6,000. एवढे झाले की खरी फोड सुरू होते. 1 लाखाचे कर्ज, 10 टक्के सपाट दर, 3 वर्षे: व्याज 30,000, एकूण 1,30,000, महिन्याचा हप्ता 3,611 रुपये. पण मुद्दल तर दर महिन्याला फिटत जाते, मग व्याज पहिल्या दिवसाच्या लाखावर का? घटत्या शिलकेवर हाच दर वर्षाला सुमारे 18 टक्के पडतो. हे गणित फळ्यावर मांडल्यावर बरेच जण मोबाइल काढून आपल्या कर्जाचा हप्ता तपासू लागतात, आणि पुढचा अर्धा तास कुणी घड्याळाकडे बघत नाही.

ठेवींचा विषयही असाच लागतो. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकाही धरून, 4 फेब्रुवारी 2020 पासून प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत 5 लाखांपर्यंत विमा आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हे कवच नाही. जवळपास प्रत्येक तालुक्यात शिक्षकांची पतसंस्था असताना हा फरक माहीत नसणे महागात पडू शकते. त्याहून जिव्हाळ्याचा विषय पेन्शनचा. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा नंतर सेवेत आलेल्यांना राज्यात सर्वसाधारणपणे जुनी पेन्शन नाही; मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या 10 टक्के कपात होऊन ती राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत जाते. मार्च 2023 च्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत उतरलेल्यांत शिक्षक मोठ्या संख्येने होते. मागणी आपल्या जागी. पण खात्यातली रक्कम कुठे गुंतते, शेअरबाजाराचा वाटा किती, हे विचारले की सभागृह शांत होते. चक्रवाढ शिकवायला याच्याइतके चांगले उदाहरण दुसरे नाही.

वर्गात जाताना घ्यायची काळजी वेगळी. ‘तुझे बाबा महिन्याला किती कमावतात?’ हा प्रश्न वर्ज्य. शेतमजुराच्या आणि डॉक्टरच्या मुलाला एका बाकावर बसवून घरचे अंदाजपत्रक मांडायला लावले, तर एकाची मान खाली जाते. म्हणून काल्पनिक कुटुंब घ्यायचे: उत्पन्न, भाडे, आजीचे औषध, गणपतीचा खर्च. फसवणुकीच्या पाठात मुलांकडून एक वाक्य घोकून घेता आले तरी पुष्कळ: पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन लागत नाही. त्याच्या शेजारी 1930 हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक.

या प्रशिक्षणाची मोठी खोट त्याच्या उतरंडीत आहे. राज्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून तालुक्यात, तिथून केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत येईपर्यंत आशय पातळ होत जातो. शेवटच्या शिक्षकाला पीपीटीचे फोटो व्हॉट्सअॅपवर मिळतात.

उपयोग होतो का, यावर एकमत नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनात आर्थिक शिक्षणाने पैशांच्या वागणुकीतल्या फरकाचा जेमतेम 0.1 टक्के भाग उलगडतो असे निघाले. नंतरच्या, अधिक काटेकोर प्रयोगांच्या आढाव्यात परिणाम स्पष्ट दिसला. ब्राझीलमध्ये 2010–11 ला सुमारे 900 माध्यमिक शाळांत नेहमीच्या विषयांमध्येच हा आशय गुंफून शिक्षकांना तयार केले गेले. मुलांचे ज्ञान आणि बचत वाढली. मात्र महागडी उधारीही थोडी वाढली. भारतात 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात प्रौढांपैकी 27 टक्केच आर्थिक दृष्ट्या साक्षर आढळले, आणि शिक्षक याच प्रौढांतून येतात.

जिल्हा परिषदेच्या शाळांतला बाल आनंद बाजार हा कुठल्याही प्रशिक्षणाआधीपासून चालत आलेला उपक्रम. परसातली मेथी, घरची भेळ, शेंगदाण्याचे लाडू घेऊन मुले अंगणात दुकाने मांडतात आणि दुपारपर्यंत गल्ला मोजतात. बहुतेक ठिकाणी गल्ला म्हणजेच नफा धरला जातो. प्रशिक्षण घेतलेली बाई तिथे वहीत आणखी एक रकाना आखून घेते: शेंगदाणे कितीचे, गूळ कितीचा, आणि लाडू वळणाऱ्या आईच्या दोन तासांचे काय धरायचे. तिसऱ्या आकड्यावर वर्गात हमखास वाद होतो.