मुक्त शैक्षणिक साहित्य भांडार

धडे, चित्रफिती, स्वाध्याय, आकृत्या असे डिजिटल साहित्य इतर शिक्षकांना शोधता, उतरवून घेता आणि जमल्यास बदलून वापरता यावे यासाठी ठेवलेला ऑनलाइन संग्रह. नुसत्या फायलींनी भरलेल्या ड्राइव्हला भांडार म्हणत नाहीत. प्रत्येक साहित्यासोबत त्याची नोंद आणि वापराचा परवाना लागतो.

कॅलिफोर्निया स्टेट विद्यापीठाचे 'मर्लो' (१९९७) या प्रकारातले जुने नाव. तिथे मुख्यतः दुवे आणि परीक्षणे असतात, त्यामुळे मूळ संकेतस्थळ बंद पडले की नोंद पोकळ राहते. भारतात एनसीईआरटी या केंद्रीय शैक्षणिक संस्थेचे 'एनआरओईआर' हे राष्ट्रीय भांडार २०१३ मध्ये आणि 'दीक्षा' २०१७ मध्ये सुरू झाले. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड 'दीक्षा'कडे नेतात; कॅमेरा रुसला तर कोडाजवळची सहा अक्षरांची खूण टाइप करूनही काम भागते.

साहित्य सापडते ते नोंदीमुळे. 'विज्ञान धडा २ अंतिम नवीन' असे नाव दिलेली फाइल कुणाच्याही हाती लागत नाही. 'पर्जन्यमापक तयार करणे, मराठी, कृती, २० मिनिटे' एवढे लिहिले, इयत्ता जोडली, की ती शोधात येते. मराठीत आणखी एक अडचण आहे: युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संकेतप्रणाली रूढ होण्यापूर्वीच्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर सुबक दिसतो, पण शोधयंत्राला तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग वाटतो. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून, जोडाक्षरे डोळ्यांखालून घालूनच चढवावा.

परवाना बहुधा क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे ठरावीक अटींवर सर्वांना वापराची मुभा देणारा तयार परवाना असतो. श्रेय द्यावे लागतेच. 'बदल नको' अशी अट असेल तर भाषांतर करून ते प्रसारित करता येत नाही, म्हणजे मराठी शिक्षकाला ते साहित्य जवळपास निरुपयोगी. 'तशाच अटींवर वाटा' परवान्याचे चित्र आणि 'व्यावसायिक वापर नको, तशाच अटींवर वाटा' परवान्याचा मजकूर एकजीव करून नवा धडा केला, तर दोन्ही अटी एकाच वेळी पाळता येत नाहीत, कारण प्रत्येक परवाना नवा धडा आपल्याच अटींवर वाटायला सांगतो.

स्कॉर्म (वेगवेगळ्या ऑनलाइन शिक्षण प्रणालींत चालावा म्हणून पाठ बांधण्याचे ठरलेले स्वरूप) पाठ झिप करताना फोल्डरच्या आतल्या फायली निवडाव्यात, फोल्डर नव्हे. फोल्डरच झिप केला तर 'आयएमएसमॅनिफेस्ट' ही पाठातल्या घटकांची यादी असलेली फाइल एक पायरी आत जाते आणि शिक्षण प्रणाली पाठ नाकारते. पीडीएफसोबत संपादनयोग्य मूळ फाइलही ठेवावी. फ्लॅश या जुन्या ॲनिमेशन तंत्रातले पाठ २०२० अखेर बंद पडले, तेव्हा ज्यांची मूळ चित्रे आणि मजकूर जपलेला होता त्यांनाच नव्या स्वरूपात सहज आणता आले.