शौलाचा पौल बाप्तिस्म्याने झाला नाही

‘बाप्तिस्मा घेतला की नाव बदलतं’ हा समज आपल्याकडे घट्ट रुजलाय आणि पुरावा म्हणून हटकून आधी शौल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पौलाचं, ख्रिस्ती धर्माच्या आद्य प्रचारकाचं, उदाहरण दिलं जातं. पण बायबलच्या नव्या करारातलं ‘प्रेषितांची कृत्ये’ हे पुस्तक उघडून बघा. ९व्या अध्यायात दिमिष्कात (दमास्कसमध्ये) हनन्या नावाचा ख्रिस्ती शिष्य आंधळ्या झालेल्या शौलावर हात ठेवतो आणि ‘शौल भाऊ’ अशी हाक मारतो. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा म्हणून ज्याची धास्ती होती, त्याला भाऊ म्हणायचं! शौलाला दिसू लागतं, तो बाप्तिस्मा घेतो आणि मग जेवतो. नावाचा विषयच निघत नाही. त्यानंतरही कितीतरी प्रसंगांत तो शौलच आहे. १३व्या अध्यायात, कुप्र (सायप्रस) बेटावर, ‘शौल, ज्याला पौलही म्हणत’ एवढाच उल्लेख येतो. म्हणजे दोन्ही नावं त्याचीच होती.

८व्या अध्यायातल्या कूशी (इथिओपियाच्या) अधिकाऱ्याचं तर नावच दिलेलं नाही. तरी वाटेतल्या पाण्यात त्याचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्म्याचा अर्थ पौल स्वतःच रोमकरांस पत्राच्या ६व्या अध्यायात सांगतो: ख्रिस्ताबरोबर मरणं, पुरलं जाणं आणि नव्या जीवनात चालणं. केवढं मोठं आहे हे!

बाप्तिस्म्याच्या वेळी नाव ठेवण्याची प्रथा नंतरची. गोवा-वसईत पोर्तुगीज काळात बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज नावं आली, म्हणून समज पक्का झाला असावा. पण मराठी लेखक बाबा पदमनजींनी १८५४ मध्ये आणि कवी नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. दोघेही शेवटपर्यंत आपल्या जुन्याच नावांनी लिहीत राहिले.