दारावर टकटक करून गाडी कळत नाही

नवी गाडी बघायला गेलेला माणूस आधी दारावर बोटं वाजवतो. मग बॉनेटवर अंगठा दाबतो आणि सोबतच्याला हळूच सांगतो, "पत्रा पातळ आहे हो." माझे वडील हेच करायचे, मीही कितीतरी वर्षं हेच केलं. पुढे नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका लहानशा प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग घडवणाऱ्या कारखान्यात, बारा वर्षं गेली. चारचाकीचे आतले भाग डायवर, म्हणजे पोलादी साच्यावर, काढून ते सातपूरच्या महिंद्रा कारखान्याला पाठवायचे, हे आमचं काम. तिथे कळलं, की ज्या पत्र्यावर आपण टकटक करतो तो जेमतेम ०.७ ते ०.८ मिलिमीटरचा असतो, आणि महागड्या गाडीचाही साधारण तेवढाच असतो. गाडीची ताकद त्या पत्र्याच्या आत असते. ती तिथे कशी गेली, हा सव्वाशे वर्षांचा प्रवास आहे. त्यातला बराचसा आपल्याला नाशिकमध्ये, ओझर ते सातपूर एवढ्या टापूत, प्रत्यक्ष बघायला मिळतो.

सुरुवात बैलगाडीपासून करतो. तिची साटी आठवा: दोन लांब दांड्या, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, खाली आख आणि चाकं. ओझं काहीही लादा, ते दांड्यांवर येतं आणि आखातून चाकांवर उतरतं. युरोपातल्या घोडागाड्यांचा घाट थोड्याफार फरकाने हाच होता, आणि १८९० च्या दशकातल्या मोटारींच्या बॉड्या त्याच गाड्या बांधणाऱ्या कारागिरांनी बांधल्या. लाकडी दांड्यांच्या जागी पोलादी आल्या, त्यांना इंग्रजी सी अक्षराचा आकार मिळाला आणि ती झाली लॅडर फ्रेम, म्हणजे जमिनीवर आडवी ठेवलेली शिडी. १९०८ ची फोर्ड मॉडेल टी याच शिडीवर उभी होती. चेसिस, म्हणजे चाकं-इंजिनासकटचा खालचा सांगाडा, एकाने करायची आणि तिच्यावर बॉडी दुसऱ्याने चढवायची, असे तेव्हा दोन वेगळे धंदे होते.

आपल्याकडे ट्रकच्या बाबतीत ही विभागणी अजून जिवंत आहे. लहानपणी नाशिकच्या द्वारका चौकात उभं राहिलं, की मुंबई-आग्रा रोडने नुसत्या चेसिसची रांग जाताना दिसायची. ना केबिन, ना काच. ड्रायव्हर लाकडी खोक्यावर बसलेला, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं, डोळ्यांवर गॉगल. या चेसिस हायवेकडेच्या बॉडी बिल्डरांकडे जायच्या आणि फाळके, टप, नक्षी, पाटी असा सगळा साज चढवून महिन्या-दीड महिन्याने बाहेर पडायच्या.

त्या कारागिरांच्या हातातलं शास्त्र फार कमी लोकांच्या लक्षात येतं. ट्रकची चेसिस मुद्दाम थोडी पीळ खाईल अशी केलेली असते. कसारा घाटात एक चाक खड्ड्यात आणि तिरकं समोरचं चाक उंचवट्यावर असलं, तर फ्रेम थोडी वळते आणि चारही चाकं जमिनीला धरून राहतात. म्हणून तिचे आडवे क्रॉस मेंबर बहुधा रिव्हेट मारून बसवतात. वेल्डिंगच्या कडेला पोलादाचा गुण बदलतो आणि पीळ खाऊन खाऊन तिथेच बारीक तडा सुरू होतो. वर चढवलेली बॉडी चेसिसला थेट जखडायची नाही, मध्ये लाकडाची पट्टी द्यायची आणि यू-बोल्टने आवळायची. लाँग मेंबरच्या, म्हणजे लांब दांडीच्या, वरच्या-खालच्या फ्लँजला (सी आकाराच्या आडव्या कडांना) तर भोक पाडायचंच नाही, कारण वाकताना सगळ्यात जास्त ताण तिथेच येतो. "फ्लँजला ड्रिल लावलं की गाडी मेली," असं आमच्याकडे येणारे एक म्हातारे मिस्त्री म्हणायचे. त्यांनी हा नियम कुठल्या पुस्तकात वाचला नव्हता, मोडलेल्या चेसिस पाहून ते शिकले होते.

मोटारगाडीत मात्र शिडीचा निरोप घेण्याची तयारी लवकर सुरू झाली, आणि तिचं पहिलं कारण होतं रंग. लाकडी चौकटीवर पत्रा ठोकलेल्या बॉडीला वॉर्निशचे थर द्यायचे आणि ते वाळायची वाट पाहायची, यातच आठवडे जायचे. भट्टीत भाजून रंग पटकन पक्का करता आला असता, पण आत लाकूड असताना भट्टी कशी लावणार? फिलाडेल्फियाच्या एडवर्ड बड यांनी १९१२ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि दाबून घडवलेले पत्रे एकमेकांना वेल्ड करून संपूर्ण पोलादी बॉडी बनवली. १९१४ च्या अखेरीस आलेल्या डॉज बंधूंच्या गाडीला तीच बॉडी होती. खाली शिडी मात्र कायम होती.

पुढची पायरी समजायला नाशिककराला द्राक्षाचं रिकामं खोकं पुरेसं आहे. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, वरची झाकणं उघडी ठेवा, समोरासमोरचे दोन कोपरे धरून पिळा. लगेच तिरपं होतं. आता झाकणं लावून टेप मारा आणि पुन्हा पिळून बघा. पुठ्ठा तोच, वजन तेच, पण खोकं हलत नाही. बंद पेटी पिळाला जो विरोध करते तो उघडी पेटी करूच शकत नाही. मग वरचं पोलादी घर बंद पेटीसारखं असेल तर खाली वेगळी शिडी हवीच कशाला? लान्चिया कंपनीने १९२२ च्या लॅम्ब्डा गाडीत भार पेलणारी बॉडी दिली. पण मोठ्या संख्येने हा प्रयोग केला तो सित्रोएनने, १९३४ च्या त्राक्सिओं आव्हां या गाडीत, तेही बड यांचं तंत्र घेऊन. छप्पर, फरशी, खांब, उंबरे असं सगळं मिळून एक कवच. गाडी बुटकी झाली, हलकी झाली, वळणावर घट्ट बसू लागली. (आजच्या गाडीत पुढची काच गोंदाने पक्की चिकटवतात, ती काचही या पेटीचं झाकणच असते. काच बदलताना हलका गोंद वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.)

पण नवी गाडी आणि नवा कारखाना यांच्या खर्चाने सित्रोएन त्याच वर्षी कर्जात बुडाली आणि मिशेलिनच्या ताब्यात गेली. या गोष्टीतला महत्त्वाचा धागा इथे आहे. कवच बनवायचं तर प्रचंड प्रेस लागतात आणि प्रत्येक भागाला स्वतंत्र डाय लागते. डाय केवढी महाग असते हे ज्याने एकदा तरी कोटेशन दिलंय त्याला विचारा. लाखांनी गाड्या खपणार असतील तरच हा खर्च अंगावर घेता येतो. शिडीवर मात्र आज ट्रक, उद्या टँकर, परवा ॲम्ब्युलन्स बसवता येते. शिडी टिकून राहिली ती या हिशेबामुळे. ती जुनाट म्हणून चिकटून राहिली, असं म्हणणं अन्यायाचं आहे.

या कवचाला आपण मोनोकॉक म्हणतो, आणि हा शब्द विमानातून आला आहे. मोनो म्हणजे एक, कॉक म्हणजे फ्रेंचमध्ये टरफल. १९१२ मध्ये फ्रान्सच्या देपेर्दुसां कंपनीने लाकडाचे पातळ थर एकमेकांवर चिकटवून पोकळ धड असलेलं शर्यतीचं विमान केलं, त्याचं नावच मोनोकॉक. आत तारा-काठ्यांचा पिंजरा जवळपास नाहीच, सगळा भार त्वचेवर. नाशिकपासून वीसेक किलोमीटरवर ओझरला १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला. आधी मिग-२१, पुढे सुखोई-३०. तिथला फिटर आतल्या बरगड्यांवर पातळ पत्रा बसवून रिव्हेट मारतो तेव्हा तो हेच तत्त्व वापरत असतो, फक्त बरगड्यांची मदत घेऊन. आपली मोटारही खरं तर अशीच निम्मी मोनोकॉक आहे. नुसत्या त्वचेवर ती उभी नसते, पत्र्याच्याच बंद नळ्या तिच्या उंबऱ्यांत आणि खांबांत दडवलेल्या असतात.

आता एक गोष्ट सांगतो जी ऐकून माझे काका माझ्याशी वाद घालत बसले होते. ज्या अँबॅसडरच्या जाड पत्र्याची आपण शपथ घेतो, ती लॅडर फ्रेमवरची गाडी नव्हती. ती ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून घेतली ती एकसंध बॉडीची होती. फियाटची पद्मिनीही तशीच. आणि १९८३ ची मारुती ८००, जिला लोक "डबडं" म्हणायचे, तिचंही तत्त्व तेच. फरक पत्र्याच्या जाडीत होता, कवचाच्या कल्पनेत नव्हता.

नाशिकचा मुख्य वारसा मात्र शिडीचा. महिंद्राने १९४०च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप जुळवायला घेतली. जीपचे पत्रे बहुतेक सपाट, दुमडून होणारे, मोठ्या डायची फारशी गरज नसलेले. नव्या देशाला हे परवडणारं होतं. सातपूरच्या कारखान्यातून २००० मध्ये बोलेरो आणि २००२ मध्ये स्कॉर्पिओ आली, दोन्ही शिडीवरच्या. मग २००७ मध्ये रेनोबरोबरची लोगान आली आणि सातपूरची वेल्डिंग लाइन कवच जोडायला लागली. आमच्यासारख्या लहान पुरवठादारांची खरी परीक्षा तेव्हा झाली. शिडीच्या गाडीत बॉडीचा भाग एखाद-दोन मिलिमीटर इकडेतिकडे असला तर बॉडी आणि शिडीमधला रबर बुश सांभाळून घ्यायचा. कवचात तो मिलिमीटर पुढच्या भागात जातो, मग त्याच्या पुढच्या, आणि शेवटी दार लागत नाही. एका गाडीत तीन ते पाच हजार स्पॉट वेल्ड, म्हणजे पत्रे ठिपक्या-ठिपक्यांनी जोडणारे सांधे, असतात. आमच्या एका ब्रॅकेटचं भोक सरकलं म्हणून अख्खी खेप परत आली होती. त्या रात्री माप तपासायच्या चेकिंग फिक्श्चरवर एकेक नग बसवून बघताना माझी पत्र्याकडे बघायची नजर बदलली.

मजबुतीची व्याख्याही मध्यंतरी पालटली होती. मर्सिडीजचे इंजिनिअर बेला बारेनी यांनी १९५१ मध्ये पेटंट मागितलं ते दोन परस्परविरोधी वाटणाऱ्या गोष्टींसाठी: माणसं बसतात तो मधला भाग कडक, आणि पुढचा-मागचा भाग चेपणारा. १९५९ च्या मर्सिडीजमध्ये ते प्रत्यक्षात आलं. हिशेब सोपा आहे. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी १० सेंटिमीटरात थांबली, तर आतल्या शरीराला गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ १०० पट झटका बसतो. तीच ६० सेंटिमीटर चेपत थांबली तर सोळा-सतरा पट. नाक चेपलेली गाडी बघून "कागदाची आहे" म्हणणाऱ्यांनी आधी मधला भाग बघावा: दार उघडलं का, स्टिअरिंग जागेवर आहे का, पाय ठेवायची जागा उरली का.

आपल्याकडे हे घराघरात पोचलं ते जानेवारी २०१४ मध्ये. गाड्या आदळवून त्यांची सुरक्षितता तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतातल्या पाच लहान गाड्या ताशी ६४ किलोमीटरने आदळवल्या आणि एअरबॅग नसलेल्या पाचही गाड्यांना शून्य तारे मिळाले. त्यातही दोघींचा सांगाडा टिकला होता, म्हणजे एअरबॅग दिल्या की त्या सुधारणाऱ्या होत्या. चाकणची पोलो एअरबॅगसह चार ताऱ्यांवर गेलीच. बाकी तिघींचा सांगाडाच डळमळला होता, तिथे नुसती एअरबॅग पुरणार नव्हती. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना समोरून धडकेची चाचणी सक्तीची झाली, तीही ५६ किलोमीटरने. ६४ ला ऊर्जा त्याहून साधारण ३० टक्के जास्त असते. ऑक्टोबर २०२३ पासून आपली स्वतःची भारत एनकॅप आहे.

सातपूरच्या गाड्यांत हा बदल ठळक दिसतो. २०१६ मध्ये एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओला शून्य तारे होते. २०२० च्या जानेवारीत इथल्या एक्सयूव्ही ३०० या कवचाच्या गाडीला पाच मिळाले, आणि त्याच वर्षी इथेच बनणाऱ्या, शिडीवरच्या थारला चार. म्हणजे शिडी वाईट आणि कवच चांगलं, हा वादही निकालात निघाला. धडकेचा भार कुठून कुठे न्यायचा, हे कोणी किती नीट ठरवलंय त्यावर सगळं आहे.

पोलादही बदललं. खांब आणि दारातल्या पट्ट्या आता बऱ्याच गाड्यांत सुमारे ९०० अंशांना तापवलेल्या पत्र्याच्या असतात. तो डायमध्येच दाबून तिथेच झटकन थंड करतात आणि त्याची ताकद साध्या पत्र्याच्या चार-पाच पट होते. हे मला घरच्याच एका प्रसंगात सांगावं लागलं. माझ्या मेव्हण्याच्या गाडीला सिन्नरच्या रस्त्यावर बाजूने ठोकर बसली, मधला खांब आत आला. गावातल्या एका गॅरेजने गॅस मारून तो खांब ओढून सरळ केला, लांबी (पुट्टी) भरली, रंग दिला. गाडी नव्यासारखी दिसत होती. पण त्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तकात खांबाला उष्णता द्यायची नाही असं स्पष्ट लिहिलं आहे, कारण गॅसच्या ज्योतीने ते पोलाद पुन्हा मऊ पडतं. मेव्हणा म्हणाला, "दादा, दिसत तर काहीच नाही." तरी दुसरीकडे नेऊन खांब कापून नवा बसवून घेतला. हट्टच धरला मी.

लहान गाड्यांची एवढी काळजी घेतली जाऊ लागली, पण ज्यात चाळीस-पन्नास माणसं बसतात त्या बसचं काय, हा प्रश्न मला जास्त छळतो. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर धावलेली पहिली एसटी लाकडी बॉडीची होती. पुढे अॅल्युमिनियम आलं, आणि आता एसटीच्या दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या कार्यशाळांत पोलादी नळ्यांचे सांगाडे बांधले जातात. खासगी बस मात्र आजही बहुधा एकाची चेसिस आणि दुसऱ्याची बॉडी अशीच होते. बस बॉडीसाठी एआयएस-०५२ हे मानक आहे, स्लीपरसाठी एआयएस-११९ आहे. त्यांत संकटकालीन दरवाजे, वाटेची रुंदी हे सगळं मोजून दिलेलं आहे. ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे आपल्याच औरंगाबाद रोडवर यवतमाळहून मुंबईला निघालेली खासगी बस ट्रेलरला धडकून पेटली आणि १२ जण गेले. त्यानंतर बसमध्ये चढलो की मी आसन नंतर शोधतो. आधी मागचा संकटकालीन दरवाजा बघतो: सामानाने अडलाय का, कडी फिरते का. परवा रात्रीच्या गाडीत काच फोडायची हातोडी जागेवर नव्हती. क्लीनरला विचारलं, तर त्याने ती ड्रायव्हरच्या सीटखालून काढून दिली आणि मी खिडकीशेजारच्या तिच्या खोबणीत परत बसवली.