ओली आयाळ

तेलाच्या बाटलीच्या तोंडाशी जमणारा चिकटा घरोघरी माहीत असतो. साबणाने जेमतेम निघतो, आणि महिनोन्‌महिने राहिला तर सुरीनेच खरवडावा लागतो. मंगोलियातल्या चित्रकाराने तैलरंगात रंगवलेल्या घोड्याची आयाळ त्याच चिकट्याच्या जातकुळीतली असते, असं म्हटलं तर तो बिचारा रागावेल. पण रसायनशास्त्र माझ्या बाजूने आहे.

तैलरंग ‘वाळतो’ असं आपण म्हणतो खरं. पण जलरंगातलं पाणी जसं उडून जातं, तसं जवसाचं तेल उडत नाही. उलट ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं, त्यामुळे सुरुवातीला रंगाच्या थराचं वजन चक्क वाढतं! या तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलेनिक आम्ल असतं. त्याच्या साखळीत तीन दुहेरी बंध असतात आणि त्यांच्या मधल्या कार्बनवरचे हायड्रोजन सैल धरलेले असतात. ऑक्सिजन नेमका तिथे शिरतो, शेजारशेजारच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि तेलाचं घट्ट जाळं होतं. शेंगदाण्याच्या तेलात हे आम्ल जवळपास नसतंच. त्यात रंग कालवला तर चित्र चिकटच राहील. आपली करडई मात्र चालते. तिचं तेल जवसाइतकं पिवळं पडत नाही, म्हणून पांढऱ्या रंगात वापरतात.

जुनी मंगोल चित्रं वेगळ्या पद्धतीची. बालदुगीन शारव (१८६९–१९३९) यांच्यासारखे चित्रकार सुती कापडावर खनिज रंगांनी काम करत. असे रंग सरसात कालवतात, आणि सरसातलं पाणी उडालं की रेघ बसली. त्यामुळे घोडा रेखीव, केस न्‌ केस मोजून घ्यावा असा. २०व्या शतकात सोव्हिएत कलाशिक्षणाबरोबर तैलरंग रुजले आणि चित्रकाराला सवड मिळाली. काल लावलेला रंग आज ओलाच असतो. त्यातून रुंद ब्रश ओढला की मानेचा तपकिरी, आयाळीचा काळा आणि मागच्या आभाळाचा निळा एकमेकांत फरफटत जातात. वारा दिसतो तो तिथे.

मंगोल पशुपालक खच्ची केलेल्या घोड्यांची आयाळ कातरतात, पण कळपाच्या नराला, म्हणजे ‘अझर्गा’ला, कात्री लावत नाहीत. चित्रात झिंज्या उडवत धावणारा बहुधा तोच असतो.

एकाच घोड्याचे रंगही एकाच दिवशी सुकत नाहीत. अंबर नावाच्या तपकिरी मातीत मँगनीज असतं, ते ऑक्सिजनच्या कामाला वेग देतं. अंग काही दिवसांत कोरडं. हाडं जाळून केलेला काळा रंग रेंगाळतो. त्यात आयाळीचा थर बोटभर जाड असेल, तर वर साय धरते आणि ती साय आत ऑक्सिजन जाऊ देत नाही. वार्निशसाठी सहसा सहा महिने ते वर्षभर थांबतात. तोवर घोड्याच्या पाठीवर नख दाबलं तर काही होणार नाही, आयाळीवर मात्र खड्डा पडेल.