ग्रेफ्रायर्सचा बॉबी आणि निष्ठेचा ख्रिस्ती धडा : पार्श्वभूमी

धन्याच्या कबरीपाशी चौदा वर्षे बसून राहिलेल्या स्कॉटलंडमधील एडिनबरोच्या बॉबी या कुत्र्याचा दाखला ‘तू मरेपर्यंत विश्वासू राहा’ या बायबलमधील प्रकटीकरण ग्रंथाच्या वचनाला इतका सहज जोडला जातो, की असा धडा ख्रिस्ती परंपरेत पहिल्यापासूनच असावा असे वाटते. प्रत्यक्षात शास्त्रात कुत्र्याची वाखाणणी जवळजवळ नाही. नीतिसूत्रांत तो आपल्या ओकारीकडे परततो, फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात त्याच्यापासून सावध राहायला सांगितले आहे, आणि प्रकटीकरणाच्या शेवटच्या अध्यायात तो पवित्र नगराबाहेर आहे. येशूपुढे मेजाखालचा चुरा खाणाऱ्या कुत्र्यांचा उल्लेख करणारी कनानी स्त्री हा अपवाद म्हणावा, तर तिथेही वाखाणणी होते ती तिच्या विश्वासाची. प्रवासाला सोबत निघणारा कुत्रा तोबितच्या ग्रंथात भेटतो. पण तो ग्रंथ प्रोटेस्टंट पंथांनी प्रमाण मानला नाही. सोळाव्या शतकात जर्मनीतील विटेनबर्गला प्रोटेस्टंट चळवळीचा प्रवर्तक ल्यूथर याने आपला कुत्रा मांसाच्या तुकड्याकडे एकटक पाहत असताना, अशा एकाग्रतेने आपल्याला प्रार्थना करता आली तर, असे उद्गार काढले. घरच्या कुत्र्याकडून घेतलेला हा खरा ख्रिस्ती धडा. मात्र तो एकाग्रतेचा आहे, निष्ठेचा नव्हे.

निष्ठेचा धडा एकोणिसाव्या शतकातला आहे, आणि त्याची जडणघडण चर्चपेक्षा नगरपालिका, वर्तमानपत्रे आणि प्राणिदया चळवळ यांनीच अधिक केली. पोलिसांत रात्रपाळीचा पहारेकरी असलेला बॉबीचा धनी जॉन ग्रे १८५८ मध्ये वारला आणि ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत त्याला पुरण्यात आले. १८६७ मध्ये बॉबीच्या परवान्याचा प्रश्न निघाला. मालकच नसलेल्या कुत्र्याचे शुल्क भरायचे कोणी, हा पेच शहराच्या तत्कालीन नगरप्रमुखाने स्वतः पैसे भरून सोडवला आणि बॉबीच्या गळ्यात नाव व साल कोरलेला पट्टा बांधला. प्राणिदया चळवळीतील एका धनाढ्य बाईंच्या खर्चाने १८७३ मध्ये जो पुतळा उभा राहिला, तोही पाणपोईवर : वरच्या कुंडात माणसांसाठी पाणी, खालच्या कुंडात कुत्र्यांसाठी. ही सारी चळवळीची भाषा आहे. उपदेशाचे वचन त्यावर कुठे नाही.

सर्वांत वादाचा निर्णय १८७२ चा. बॉबी मेला तेव्हा त्याला धन्याशेजारी न पुरता फाटकाच्या आत, कबरींपासून दूर जागा देण्यात आली. पवित्र भूमीत प्राण्याला पुरता येत नाही, असे त्याचे कारण सर्रास सांगितले जाते. हे कारण मला पुरेसे वाटत नाही, कारण जमीन पवित्र करण्याचा कॅथलिक किंवा अँग्लिकन पद्धतीचा विधी स्कॉटलंडच्या प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट परंपरेचा नव्हे. माणसांच्या कबरींत कुत्रा नको ही लोकभावना, आणि तरीही त्याला आवाराबाहेर टाकवत नाही ही दुसरी, यांतून काढलेली ती तडजोड दिसते. उपदेशक मात्र हा भाग बहुधा गाळतात; ज्याची निष्ठा अनुकरणीय म्हणून सांगायची, त्याला धन्याजवळ जागा का मिळाली नाही, हा प्रश्न मग अडचणीचा ठरतो.

त्यानंतरची भर अमेरिकेतून पडली. १९१२ च्या एका अमेरिकी कादंबरीने पहारेकऱ्याचा मेंढपाळ केला आणि त्याला ‘ऑल्ड जॉक’ म्हटले. उत्तम मेंढपाळ आणि त्याच्यामागे जाणारा मुका जीव हे रूपक त्यामुळे आयतेच हाती आले, आणि चर्चमधील कथनात हेच रूप रुजले. पुढे अमेरिकी चाहत्यांनी जॉन ग्रेच्या कबरीवर दगड बसवला तेव्हा त्याच्या खऱ्या नावाखाली कादंबरीतले नावही कोरले गेले. १९८१ मध्ये बॉबीलाही शिळा मिळाली. त्याची निष्ठा आणि भक्ती आपणा सर्वांना धडा ठरो, असे तीवर लिहिले आहे. आज या गोष्टीचा जो बोध म्हणून सांगितला जातो तो बहुतांशी या शिळेवरचा आहे, आणि ती शिळा घटनेनंतर शतकभराने बसवलेली आहे.

२०११ मध्ये एका अभ्यासकाने जुनी चित्रे आणि नोंदी ताडून असे मांडले, की बॉबी एक नव्हे, दोन होते : पहिला दफनभूमीत आश्रयाला आलेला भटका कुत्रा, आणि तो १८६७ मध्ये मेल्यावर पाहुण्यांची वर्दळ टिकावी म्हणून आणलेला दुसरा, स्काय टेरियर जातीचा. हा दावा सर्वांनी मान्य केलेला नाही. तो खरा असेल तर शिळेवर नोंदवलेले सोळा वर्षांचे वय जुळत नाही, आणि फाटकापाशी पुरलेल्या कुत्र्याने जॉन ग्रेला कधी पाहिलेलेच नव्हते.