लाइव्ह यूएसबी (लिनक्स)

संगणकाच्या अंतर्गत डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरून किंवा यूएसबीला जोडलेल्या बाह्य एसएसडीवरून सुरू होणारी आणि तेथूनच चालणारी लिनक्स प्रणाली म्हणजे लाइव्ह यूएसबी. नवे वितरण (लिनक्सचा वापरायला तयार संच) पारखणे, बंद पडलेल्या संगणकातील फाइली वाचवणे आणि अंतर्गत डिस्कवर लिनक्स बसवणे हे तिचे नेहमीचे उपयोग होत.

या पद्धतीची मुळे लाइव्ह सीडीत आहेत. जर्मनीतील क्लाउस क्नॉपर यांनी 2000 साली आणलेल्या क्नॉपिक्सने एका सीडीत सुमारे 2 जीबीची सॉफ्टवेअर संकुचित करून बसवली आणि ही कल्पना लोकप्रिय केली. 2003 साली बॅरी कॉलर यांनी सुरू केलेले पपी लिनक्स इतके आटोपशीर होते की ते संपूर्णपणे रॅममध्ये उतरवून चालवता येई. पुढे पेनड्राइव्ह स्वस्त झाले आणि सीडी मागे पडली.

लाइव्ह प्रणालीची रचना दोन थरांची असते. खालच्या थरात स्क्वॉशएफएस या संकुचित फाइल-प्रणालीत संपूर्ण वितरण असते. ते फक्त वाचता येते, बदलता येत नाही. वरचा थर रॅममध्ये असतो आणि वापरकर्त्याने केलेला प्रत्येक बदल तेथे नोंदला जातो. ओव्हरलेएफएस ही व्यवस्था, जी 2014 साली लिनक्स कर्नलच्या (प्रणालीच्या गाभ्याच्या) 3.18 या आवृत्तीत समाविष्ट झाली, हे दोन्ही थर एकत्र करून एकच सलग प्रणाली असल्यासारखे दाखवते. संगणक बंद होताच वरचा थर नाहीसा होतो. त्यामुळे मराठी टंकनासाठी निवडलेला इनस्क्रिप्ट कळफलकसुद्धा पुढच्या वेळी पुन्हा निवडावा लागतो.

अशी यूएसबी तयार करताना आयएसओ फाइल (वितरणाची एकाच फाइलीत बांधलेली प्रतिमा) पेनड्राइव्हवर नुसती कॉपी करून सहसा भागत नाही. तिच्यातील बूटलोडर (प्रणाली सुरू करणारा छोटा प्रोग्राम) आणि पार्टिशनची (डिस्कच्या विभागांची) मांडणी जशीच्या तशी उतरावी लागते. विंडोजवर रूफस आणि लिनक्सवर डीडी ही त्यासाठीची रुळलेली साधने आहेत. डीडी कोणताही प्रश्न न विचारता लिहू लागते, म्हणून आदेश देण्यापूर्वी एलएसबीएलके हा आदेश दाखवतो त्या डिस्कच्या यादीत पेनड्राइव्हचे नाव त्याच्या आकारावरून ताडून पाहणे अत्यावश्यक आहे. व्हेंटॉय या साधनाची पद्धत वेगळी आहे: ते एकदा बसवल्यावर अनेक आयएसओ फाइली साध्या कॉपी करून ठेवता येतात आणि बूट होताना त्यांतली एक निवडता येते.

केलेले बदल टिकवण्यासाठी वरचा थर रॅमऐवजी पेनड्राइव्हवर ठेवता येतो. या सोयीला पर्सिस्टन्स म्हणतात. डेबियनमध्ये त्यासाठी पर्सिस्टन्स याच नावाचे पार्टिशन करून त्यात एक छोटी मांडणी-फाइल ठेवतात. मात्र ही सोय दुरुस्तीच्या किंवा अधूनमधून करायच्या कामापुरतीच योग्य आहे. प्रणाली अद्ययावत केली की नव्या फाइली वरच्या थरात साठत जातात, जुन्या फाइली खालच्या थरात तशाच जागा अडवून बसतात, आणि कर्नल मूळ प्रतिमेतूनच उचलला जात असल्याने नवा कर्नल बसवूनही बहुधा जुनाच सुरू होतो.

रोजच्या वापरासाठी पेनड्राइव्हलाच डिस्क मानून त्यावर पूर्ण प्रणाली बसवणे हा खरा मार्ग आहे. येथे सर्वांत जास्त चुका बूटलोडरच्या जागेवरून होतात. काही इन्स्टॉलर तो अंतर्गत डिस्कवरील ईएफआय पार्टिशनमध्ये (बूटलोडरसाठी राखलेल्या विभागात) टाकतात. मग पेनड्राइव्ह दुसऱ्या संगणकावर चालत नाही आणि तो काढून घेतला की पहिला संगणकही अडखळू शकतो. म्हणून पेनड्राइव्हवर फॅट32 स्वरूपाचे स्वतंत्र ईएफआय पार्टिशन करावे आणि ग्रब हा बूटलोडर बसवताना ‘रिमूव्हेबल’ हा पर्याय द्यावा. त्यामुळे बूटलोडर अशा ठरावीक जागी जातो, जिथे कोणत्याही संगणकाचे यूईएफआय फर्मवेअर (संगणक चालू होताच सर्वांत आधी चालणारे अंगभूत सॉफ्टवेअर) त्याला आपणहून शोधते. बूट होताना कर्नलबरोबर रॅममध्ये उतरणाऱ्या आरंभीच्या रॅम-प्रतिमेतही केवळ चालू संगणकाचेच नव्हे, तर सर्वसाधारण यंत्रसामग्रीचे ड्रायव्हर असावे लागतात. डेबियन मुळातच तसे करते, फेडोरामध्ये ही प्रतिमा बनवणाऱ्या ड्रॅकट या साधनाचे ‘होस्टओन्ली’ बंद करावे लागते.

वेगाची खरी अडचण वाचण्यात नसून लहानलहान तुकड्यांच्या लेखनात आहे. साधे पेनड्राइव्ह त्यात फार मंद असतात आणि अशा लेखनाने त्यांतील फ्लॅश स्मृती झिजते. फाइल वाचल्याची वेळ दर वेळी न नोंदवणारा ‘नोएटाइम’ हा पर्याय देणे आणि तात्पुरत्या फाइली व ब्राउझरची कॅश रॅममध्ये ठेवणे यांनी हा भार बराच हलका होतो. परवडत असेल तर बाह्य एसएसडीच घ्यावी. फरक पहिल्याच दिवशी जाणवतो.

खिशातले साधन हरवू शकते, म्हणून पूर्ण प्रणाली लक्स या लिनक्समधील डिस्क-कूटबद्धीकरणाच्या पद्धतीने कूटबद्ध करणे इष्ट. टेल्स हे डेबियनवर आधारित वितरण याच गरजेतून घडले आहे: त्यातील सर्व जोडण्या टॉर या ओळख लपवणाऱ्या जाळ्यातून जातात, टिकाऊ साठवण कूटबद्ध असते आणि बंद होताना ते रॅम पुसून टाकते. अंतर्गत डिस्कवर विंडोज असल्यास तिचे ‘फास्ट स्टार्टअप’ आधी बंद करावे, कारण त्यामुळे विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट निद्रेत राहते आणि तिच्या विभागावर लिनक्समधून लिहिल्यास फाइली खराब होण्याचा धोका असतो.